सोशल मीडियावर कंपनीचं नाव सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांची सोशल मीडिया अकाउंट सांभाळणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. हल्ली या कामात नव्याने येणाऱ्यांना मी शिकवतेही. त्यांच्याकडून आणि छोट्या कंपन्यांच्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ज्यांच्याकडे आत्ता या क्षणी आग लागली आहे त्यांनी थेट प्रश्न ३ आणि ४ वाचावेत.

१. आमच्याबद्दल कोणीही वाईट लिहिलं की ती बदनामीच धरायची का?

नाही. आणि हा फरक न केल्यामुळेच बहुतेक कंपन्या घसरतात. वाईट लिहिणारे चार प्रकारचे असतात. पहिला तक्रार करणारा: त्याचं काम अडलेलं असतं, ते झालं की तो शांत होतो. दुसरा टीका करणारा: त्याला तुमचं धोरण, किंमत किंवा जाहिरात पटलेली नसते. तिसरा चुकीची माहिती पसरवणारा, बहुतेकदा स्वतःची तशी खात्री असल्यामुळे. चौथा निव्वळ त्रास देणारा. पहिल्याला मदत हवी असते, दुसऱ्याला उत्तर आणि तिसऱ्याला पुरावा. चौथ्याला काहीच द्यायचं नसतं. पहिल्याला चौथ्यासारखं वागवलं की तो खरोखरच चौथा होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. माणूस चव्हाट्यावर येतो तो बहुधा आधीची सगळी दारं वाजवून. कॅनडातले गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. भरपाईसाठी त्यांनी महिनोन् महिने कंपनीशी पत्रव्यवहार केला आणि शेवटी नकार मिळाला. जुलै २००९ मध्ये त्यांनी त्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं आणि ते जगभर पोचलं. दुरुस्तीचा खर्च होता सुमारे १,२०० डॉलर. त्या प्रकरणात बचावाची संधी नऊ महिने ग्राहकसेवेच्या टेबलावर पडून होती.

२. गप्प बसलं तर विषय आपोआप थंड होतो, मग उत्तर कशाला द्यायचं?

काही विषय थंड होतात, हे खरं आहे. तीन फॉलोअर असलेल्या कोणीतरी शिवी घातली आणि तुम्ही मुख्य अकाउंटवरून खुलासा केलात, तर त्या शिवीला तुम्हीच व्यासपीठ मिळवून दिलं. पण ठोस तक्रार, सुरक्षिततेचा प्रश्न किंवा व्हिडिओसारखा पुरावा असेल तर गप्प बसणं म्हणजे कबुली, असाच अर्थ लोक लावतात.

एप्रिल २००९ मध्ये डॉमिनोजच्या अमेरिकेतल्या एका शाखेत दोन कर्मचाऱ्यांनी खाद्यपदार्थांशी किळसवाणे प्रकार करतानाचा व्हिडिओ टाकला. कंपनीने सुरुवातीला गाजावाजा टाळायचं ठरवलं, उत्तर दिलं तर आणखी लोकांना कळेल या विचाराने. दोन दिवसांत तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला. मग कंपनीच्या अमेरिकेतल्या व्यवसायाचे अध्यक्ष पॅट्रिक डॉयल यांना त्याच यूट्यूबवर येऊन माफी मागावी लागली. व्हिडिओ जिथे पसरला तिथेच उत्तर दिलं, हे त्यांनी बरोबर केलं. फक्त ते दोन दिवस आधी यायला हवं होतं.

माझा ढोबळ निकष असा: ही पोस्ट वाचून एखादा अनोळखी माणूस तुमच्याकडे यायचं थांबेल का? थांबणार असेल तर उत्तर द्या.

३. किती वेळात उत्तर द्यायचं? आमच्याकडे यासाठी एकच माणूस आहे.

पूर्ण उत्तराला वेळ लागला तरी चालतं, पहिली ओळ मात्र लवकर जायला हवी. गंभीर विषयात मी एक तास धरते. त्या ओळीत तीनच गोष्टी असतात: आम्ही वाचलं, आम्ही तपासतोय, पुढची माहिती अमुक वाजता देऊ. आणि ती वेळ पाळा. चार वाजता सांगू असं लिहिलं असेल आणि तेव्हा हाती काही नवं नसलं, तरी चार वाजता तसं लिहा.

एकच माणूस असेल तर तो केव्हा उपलब्ध आहे ते अकाउंटवर स्पष्ट लिहून ठेवा. पण हा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो. २०१३ मध्ये वडिलांचं सामान हरवल्याने वैतागलेल्या एका ग्राहकाने स्वतःचे पैसे खर्चून ब्रिटिश एअरवेजविरुद्धचं ट्वीट जाहिरातीसारखं हजारो लोकांना दाखवलं. कंपनीचं उत्तर कित्येक तासांनी आलं: आमचं ट्विटर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालू असतं. विमानं रात्रंदिवस उडवणाऱ्या कंपनीच्या तोंडी ते वाक्य किती वाईट दिसलं असेल याचा विचार करा. तुमचा व्यवसाय ज्या वेळेत चालतो त्या वेळेत कोणीतरी हँडल पाहत असलंच पाहिजे.

४. पहिल्या उत्तरात नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना द्याल का?

नमुना देते, पण तो जसाच्या तसा चिकटवू नका. वीस जणांना तेच वाक्य गेलं की त्या वीस उत्तरांचा एकत्र स्क्रीनशॉट फिरतो.

टाळायचं उत्तर: "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय." यात तक्रार वाचल्याची एकही खूण नाही.

चालेल असं उत्तर: "मशीन दुसऱ्यांदा बंद पडलं आणि दुरुस्तीचा माणूस सांगितलेल्या दिवशी आला नाही, हे वाचलं. असं व्हायला नको होतं. तुमची तक्रार मी आत्ता सेवा विभागाच्या प्रमुखांकडे दिली आहे. संध्याकाळी सहापर्यंत तुम्हाला फोन येईल आणि काय ठरलं ते मी इथेही लिहीन." आणि खाली उत्तर देणाऱ्याचं पहिलं नाव.

इथे तक्रार त्याच्याच शब्दांत परत सांगितली आहे, एक माणूस जबाबदारी घेतो आहे आणि वेळ दिलेली आहे. उत्तर लिहिताना तक्रारदाराबरोबरच त्या शेकडो जणांचा विचार करा जे काहीही न लिहिता फक्त वाचत आहेत. तक्रारदार कदाचित कधीच खूश होणार नाही. पण वाचणारा ठरवत असतो, की उद्या माझं काही बिघडलं तर ही माणसं माझ्याशी कशी वागतील.

आणि हो, या नमुन्यातलं सगळं तेव्हाच लिहिता येतं जेव्हा लिहिणाऱ्याला सेवा विभागाच्या प्रमुखांना फोन लावायचा अधिकार असतो. अनेक कंपन्यांत उत्तर देणारी मुलं सगळ्यात कनिष्ठ असतात आणि त्यांचा फोन कोणी उचलत नाही. मालकांना मी पहिली विनंती हीच करते, की त्यांना तो अधिकार द्या. तो नसेल तर शब्द कितीही घासूनपुसून लिहिले तरी ती सारवासारवच राहते.

५. "कृपया इनबॉक्समध्ये मेसेज करा" असं लिहिणं बरोबर आहे का?

ऑर्डर क्रमांक, फोन नंबर, पत्ता, आजाराची माहिती यांसाठी इनबॉक्स हवाच. पण विषय लोकांच्या नजरेआड करायला तो वापरला की लगेच कळतं. आधी उघडपणे एक खरं वाक्य लिहा, मग इनबॉक्समध्ये न्या आणि काम झाल्यावर परत येऊन त्याच धाग्याखाली "दुरुस्ती झाली, बदली भाग बसवला" असं लिहा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे विसरतात. मग वाचणाऱ्याला तक्रार दिसते, तिचा शेवट दिसत नाही.

६. माफी मागितली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं वकील म्हणतात. काय करायचं?

वकिलांची काळजी खोटी नसते, विशेषतः कोणाला इजा झाली असेल तर. माफीचा कायदेशीर अर्थ देशागणिक बदलतो. काही ठिकाणी सहानुभूतीचे शब्द दोषाची कबुली धरले जात नाहीत. म्हणून मजकूर वकिलांना दाखवाच. मात्र झालेल्या त्रासाबद्दल दुःख व्यक्त करणं आणि दोष स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तुम्हाला रात्रभर थांबावं लागलं याचं आम्हाला वाईट वाटतं" हे पहिल्या तासात लिहिता येतं. दोष कोणाचा, ते चौकशीनंतर.

थंड, कायदेशीर भाषेची किंमत किती असते ते युनायटेडनेच २०१७ मध्ये पुन्हा अनुभवलं. ९ एप्रिलला एका प्रवाशाला विमानातून ओढत बाहेर काढल्याचे व्हिडिओ पसरले. मुख्याधिकारी ऑस्कर मुनोझ यांच्या पहिल्या निवेदनात प्रवाशांची "पुन्हा सोय लावावी लागली" अशा अर्थाचा शब्द होता. कर्मचाऱ्यांना पाठवलेलं त्यांचं पत्रही बाहेर आलं, त्यात प्रवाशालाच दोष दिला होता. ११ एप्रिलला त्यांनी पूर्ण जबाबदारी घेणारी माफी मागितली. पण ती तिसऱ्या प्रयत्नात आलेली माफी होती आणि लोकांना पहिली दोनच आठवतात.

त्यातला आणखी एक धडा असा, की कर्मचाऱ्यांना पाठवलेलं पत्र उद्या सोशल मीडियावर दिसेल असं समजूनच लिहा.

७. चूक आमची नसून पुरवठादाराची आहे. तसं स्पष्ट सांगितलं तर चालेल ना?

कारण म्हणून सांगा, ढाल म्हणून नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये केएफसीने ब्रिटनमध्ये वितरणाचं काम नव्या कंपनीकडे दिलं. ती घडी बसली नाही आणि त्यांच्या सुमारे ९०० पैकी निम्म्याहून जास्त शाखा चिकनअभावी बंद राहिल्या. केएफसीने वर्तमानपत्रांत पानभर माफी छापली. रिकाम्या डब्यावर KFC ची अक्षरं FCK अशी, इंग्रजी शिवीसारखी, लावून स्वतःलाच कानपिचकी, आणि खाली साध्या शब्दांत क्षमायाचना. त्या जाहिरातीत वितरकाचा उल्लेखही नव्हता. ग्राहकाने पैसे तुम्हाला दिलेले असतात, तेव्हा त्याच्या लेखी चूक तुमचीच.

त्या जाहिरातीतल्या विनोदाची मात्र नक्कल करू नका. तिथे कोणाला इजा झाली नव्हती म्हणून तो चालला.

८. वाईट कमेंट डिलीट केल्या तर काय बिघडतं? पेज तर आमचंच आहे.

पेज तुमचं आहे, पण स्क्रीनशॉट तुमचे नाहीत. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने पाम तेल आणि जंगलतोडीवरून नेस्लेवर टीका करणारा व्हिडिओ काढला. नेस्लेने कॉपीराइटचं कारण देऊन तो यूट्यूबवरून काढायला लावला, तेव्हा तो इतरत्र आणखी पसरला. फेसबुकवर लोक कंपनीचा लोगो बदलून लावू लागले. अशा कमेंट काढून टाकू, असं पेज सांभाळणाऱ्याने लिहिलं आणि लोकांशी तिरकसपणे वाद घातला. तो वाद हीच बातमी झाली. नंतर मे महिन्यात नेस्लेने पाम तेलाच्या खरेदीची तपासणी एका बाहेरच्या संस्थेबरोबर करायचं जाहीर केलं, तेव्हा वातावरण निवळलं. कमेंट पुसल्यामुळे ते झालेलं नव्हतं.

२००३ मध्ये अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी आपल्या घराचं छायाचित्र संकेतस्थळावरून हटवण्यासाठी ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर ते चित्र फक्त सहा वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातले दोन त्यांच्याच वकिलांनी केलेले. दाव्यानंतर महिनाभरात चार लाखांवर लोक ते पाहायला आले. आपल्याकडे याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

काढायच्या गोष्टी आहेतच: शिवीगाळ, धमक्या, कोणाचे खासगी तपशील, जाती-धर्म-लिंगावरून केलेला द्वेष, फसव्या लिंक. यांचा नियम आधीच पेजवर लिहून ठेवा. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला नियम कोणी मानत नाही.

९. आमच्याबद्दल साफ खोटी अफवा फिरतेय. ती खोडून काढताना आणखी पसरली तर?

ही भीती रास्त आहे. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या, तेव्हा खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली. अफवेतलं नावीन्य लोकांना ओढतं.

म्हणून खुलाशाची सुरुवात खऱ्या माहितीने करा. "आमच्या उत्पादनात अमुक विष आहे ही अफवा खोटी आहे" असं शीर्षक दिलंत तर लक्षात विष राहतं. त्याऐवजी "आमच्या उत्पादनात हे पाच घटक आहेत, हा प्रयोगशाळेचा अहवाल" असं सुरू करा. मग एका वाक्यात अफवेचा उल्लेख आणि पुन्हा खरी गोष्ट. पुरावा तिसऱ्याचा असावा: प्रयोगशाळा, नियामक, तपासनीस. खुलासा चित्राबरोबर मजकुरातही द्या, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. तो पिन करून ठेवा आणि अफवा ज्या गटांत फिरते आहे तिथपर्यंत न्या. मुख्य पेजवर लावून स्वस्थ बसलात तर ज्यांनी अफवा ऐकलीच नव्हती त्यांना ती कळते आणि ज्यांनी ऐकली त्यांच्यापर्यंत खुलासा पोचत नाही.

चिवट अफवा वर्षानुवर्षं टिकते, याचीही तयारी ठेवा. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या चंद्र-ताऱ्यांच्या चिन्हाचा सैतानाशी संबंध आहे ही अफवा १९८० च्या दशकात जोरात होती. त्यावरून लढलेल्या एका खटल्यात भरपाईचा निकाल लागायला २००७ उजाडलं.

१०. प्रतिस्पर्धी आमच्यावर खोटे रिव्ह्यू टाकतोय अशी खात्री आहे. त्याचं नाव जाहीर करू का?

करू नका. खात्री आणि पुरावा यांत अंतर असतं, आणि तसा आरोप केलात तर बदनामीचा दावा तुमच्यावरच येऊ शकतो. एकाच दिवशी आलेले, सारख्या शब्दांतले, कोरी प्रोफाइल असलेले रिव्ह्यू तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि त्या प्लॅटफॉर्मकडे एकत्र तक्रार करा. दरम्यान प्रत्येकाखाली शांतपणे लिहा: "आमच्या नोंदीत अशी भेट सापडत नाही. बिल क्रमांक कळवलात तर लगेच पाहते." खरा ग्राहक असेल तर तो क्रमांक देतो. नसेल तर वाचणाऱ्यालाही ते समजतं.

११. मग आपणही मित्रांकडून, कर्मचाऱ्यांकडून चांगले रिव्ह्यू लिहून घेतले तर?

हे करू नका, कितीही मोह झाला तरी. एकदा उघड झालं की तुमच्या खऱ्या रिव्ह्यूंवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अनेक देशांत हे बेकायदाही आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम खोटे रिव्ह्यू विकत घेणं, नातं लपवून कंपनीतल्यांनी लिहिणं आणि धमकावून वाईट रिव्ह्यू दाबणं या सगळ्यांना दंड लावतो. प्रामाणिक मार्ग एकच: प्रत्येक ग्राहकाकडे रिव्ह्यू मागा. फक्त खूश दिसणाऱ्यांकडे मागितलात तर तीही एक प्रकारची फसवणूकच.

१२. आमच्या नावाने बनावट अकाउंट निघालंय. लोक त्यालाच खरं समजतात.

प्लॅटफॉर्मकडे तोतयेगिरीची तक्रार करा आणि त्यांच्या कारवाईची वाट न पाहता स्वतःच्या अकाउंटवर सांगा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर खऱ्या अकाउंटची ओळख असलेली निळी खूण ८ डॉलरला मिळू लागली. तेव्हा औषधकंपनी एलाय लिलीच्या नावाच्या बनावट अकाउंटने "इन्सुलिन आता मोफत" असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला, आणि त्यातून इन्सुलिनच्या किमतींवरची जुनी, खरी टीका पुन्हा वर आली. जिथे दुखरी नस असते तिथेच तोतया बोट ठेवतो. ती तुमची कुठे आहे हे आधीच माहीत असू द्या.

तुम्ही वापरत नसलात तरी प्रमुख प्लॅटफॉर्मवर कंपनीच्या नावाचं हँडल घेऊन ठेवा आणि सगळ्या खऱ्या अकाउंटची यादी संकेतस्थळावर द्या.

१३. आमच्याच अकाउंटवरून भलतीच पोस्ट गेली. कर्मचाऱ्याची चूक किंवा हॅक. आता?

आधी लॉगिन ताब्यात घ्या: पासवर्ड बदला, जोडलेली अ‍ॅप तोडा, शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबवा. मग पोस्ट काढा आणि काढली आहे हे सांगा, गुपचूप नको. २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या अकाउंटवरून एका कर्मचाऱ्याची बिअरबद्दलची खासगी पोस्ट चुकून गेली. ट्वीट काढलं आहे, रेड क्रॉस शुद्धीत आहे आणि किल्ल्या आम्ही काढून घेतल्या आहेत, अशा हलक्या शब्दांत संस्थेने ते मान्य केलं. लोकांनी ते मनापासून स्वीकारलं.

हॅकमध्ये मात्र मिनिटं मोजावी लागतात. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हॅक झालेल्या अकाउंटवरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं खोटं ट्वीट गेलं आणि अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला.

लॉगिन कोणाकोणाकडे आहे याची यादी आजच करा. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीत-दुकानांच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कपातीचं थेट वर्णन कंपनीच्याच ट्विटरवरून केलं, कारण पासवर्ड त्यांच्याकडेच होता. पण त्या प्रसंगात मला पासवर्डपेक्षा कपातीची रीत जास्त खुपते.

१४. ग्राहक खोटं बोलतोय आणि आमच्याकडे सीसीटीव्ही आहे. व्हिडिओ टाकून तोंड बंद करू का?

तुम्ही खरे ठराल आणि तरीही हराल. एका माणसाचा चेहरा हजारो अनोळखी लोकांसमोर ठेवला की ते त्याचं काय करतील यावर तुमचा ताबा राहत नाही. शिवाय अनेक ठिकाणी खासगीपणाचा कायदा आड येतो. एवढंच लिहा: "आमच्याकडे त्या वेळेचं चित्रण आहे. आमची माहिती वेगळी आहे. तुम्ही येऊन ते पाहू शकता." वाचणाऱ्यांना तेवढं पुरतं. सुरक्षिततेचा किंवा गुन्ह्याचा प्रश्न असेल तर चित्रण पोलिसांकडे द्या.

१५. वकिलांची नोटीस कधी पाठवावी?

खोटं विधान तथ्याच्या स्वरूपात आहे, ते सिद्ध करता येतं, नुकसान दाखवता येतं आणि समोरचा दुरुस्ती करायला नकार देतो, हे चारही असतील तेव्हा. मत कितीही कडू असलं तरी ते मतच असतं. एकट्या ग्राहकाला नोटीस धाडलीत तर त्याच नोटिशीचा फोटो दुसऱ्या दिवशी फिरतो (प्रश्न ८ पाहा). खरेदीच्या करारात "वाईट रिव्ह्यू लिहिल्यास दंड" असं कलम घालायची कल्पनाही सोडून द्या. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने अशी कलमं रद्दबातल ठरवली आहेत.

१६. दिवसभर शिव्या वाचून पेज सांभाळणारी मुलगी रडकुंडीला आली आहे. मी मालक म्हणून काय करू?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचे आभार. व्हायरल प्रकरणात मी स्वतः सलग अकरा तास असं वाचलं आहे. शिव्या कंपनीला असतात हे डोक्याला कळतं, शरीराला कळत नाही. दर दोन तासांनी माणूस बदला. धमक्यांच्या कमेंट दुसऱ्या कोणीतरी तपासाव्यात. नावाने उत्तर द्यायची पद्धत मी प्रश्न ४ मध्ये सांगितली, पण धमक्या सुरू झाल्या की नाव काढून घ्या. ट्रोलला म्यूट करायला तिला कोणाची परवानगी मागावी लागू नये. आणि ज्या निर्णयामुळे लोक चिडले तो ज्याने घेतला, त्याने तासभर तिच्या शेजारी बसून त्या कमेंट वाचाव्यात. पुढचे निर्णय बदलतात, हे मी पाहिलं आहे.

१७. सगळं मिटलं, पण आमचं नाव शोधलं की अजून तीच जुनी पोस्ट वर येते. ती खाली कशी ढकलायची?

पैसे घेऊन "शोधातून गायब करतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांतले बरेच जण खोट्या कॉपीराइट तक्रारी करतात आणि त्या तुमच्या नावावर उलटतात. शक्य असेल तर मूळ तक्रारदाराला कळवा की काय बदललं. पोस्ट काढायची गळ घालू नका. पुष्कळदा लोक आपणहून खाली एक ओळ जोडतात आणि ती ओळ तुमच्या कुठल्याही खुलाशाहून जास्त वाचली जाते. संकेतस्थळावर त्या प्रसंगाचं एक साधं पान ठेवा: काय झालं, कोणती चूक होती, कोणत्या तारखेपासून काय बदललं. बदल सहा महिने टिकला की त्या पानावर तसं नोंदवा. नाव शोधणाऱ्याला मग जुनी पोस्ट आणि हे पान, दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात.